गोळी, गाडी आणि बढती

खुल्या जगातला, म्हणजे शहरभर हवे तसे फिरू देणारा, एखादा मोठा गुन्हेगारी व्हिडिओ गेम येऊ घातला की त्याच्याभोवतीची चर्चा ठरलेल्या तीन खात्यांत वाटली जाते. बंदुकीचा धक्का जाणवतो का, गाडी वळणावर किती घसरते आणि पात्राची प्रगती किती टप्प्यांची आहे, हे तीन प्रश्न सुटे सुटे तपासायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करून निकाल लावायचा, अशी ही पद्धत आहे. जुन्या आणि नव्या गेमची दृश्ये शेजारी शेजारी लावून, टायर फुटल्यावर रिम रस्त्याला कशी घासते यावर तासन्‌तास काथ्याकूट होतो, आणि त्यातून एका बाजूला वास्तव हवे असणारे, तर दुसऱ्या बाजूला मजा हवी असणारे असे दोन तट पडतात. हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गुन्हेगारी गेममध्ये लढाई, वाहन चालवणे आणि प्रगती या एकाच साखळीच्या कड्या असतात. झाडलेल्या गोळीची किंमत रस्त्यावर चुकवावी लागते, आणि ती चुकवण्याचे नवे मार्ग हाती येणे म्हणजे प्रगती. ज्या प्रगतीमुळे ती किंमतच उरत नाही, ती प्रगती उरलेल्या दोन्ही अंगांना निकामी करते, मग ती अंगे सुटेपणाने कितीही सुबक असोत.

मोटारगाडी आणि गुन्हा यांचे नाते गेम बनवणाऱ्यांच्या कल्पनेतून आलेले नाही. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरचे इंजिन सर्वसाधारण किमतीच्या गाडीत आणले आणि अमेरिकेतल्या बँकदरोडेखोरांना स्थानिक पोलिसांना मागे टाकील अशी गाडी मिळाली. त्यांचे खरे शस्त्र कोणते होते, बंदूक की गाडी? बंदुका पोलिसांकडेही होत्या. राज्याची सीमा ओलांडली की मात्र पाठलाग करणाऱ्यांचे हात बांधले जात, त्यामुळे दरोडा यशस्वी होणे म्हणजे बव्हंशी सीमेपलीकडे पोहोचणे होते. जॉन डिलिंजर हा बँकदरोडेखोर ३ मार्च १९३४ रोजी इंडियाना राज्यातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला तो तिथल्या शेरीफचीच फोर्ड व्ही-८ घेऊन, आणि ती गाडी त्याने शेजारच्या इलिनॉय राज्यात नेली. चोरीची मोटार राज्याबाहेर नेणे हा १९१९ च्या डायर कायद्याने संघराज्याचा गुन्हा ठरलेला होता. पुढे एफबीआय या नावाने ओळखल्या गेलेल्या तपास यंत्रणेला डिलिंजरच्या मागे लागण्याचा अधिकृत आधार मिळाला तो या एका प्रवासाने. त्याच्या दरोड्यांनी तो मिळालेला नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बँकदरोड्यासाठीही संघराज्याचा कायदा झाला. पळून जाण्याची रीत बदलली की गुन्हा बदलतो आणि गुन्हा बदलला की कायद्यालाही बदलावे लागते, हे तिथे उघड दिसते. मग या विषयावरच्या गेमचा विचार करताना पळून जाणे हा दोन लढायांमधला रिकामा वेळ कसा मानता येईल?

गेमच्या इतिहासातही ही जाण जुनी आहे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा 'एलिट' १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणकावर आला. तो अंतराळातल्या व्यापाराचा गेम. त्यात रस्ते नाहीत, शहर नाही. पण निरपराध जहाजावर मारा केला किंवा निषिद्ध माल वाहिला की खेळाडूची नोंद निष्कलंक, मग अपराधी आणि शेवटी फरारी अशी बदलत जाते, आणि पोलिसांची वायपर जहाजे मागे लागतात. निषिद्ध मालात नफा अधिक, नफ्यातून चांगली साधने, आणि ती साधने लागतात याच व्यापाराने ओढवून घेतलेल्या पाठलागातून वाचायला. लढाई, वाहन आणि प्रगती यांची ही गाठ इतक्या लहान यंत्रावर बांधली गेली होती. पुढे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन ही कंपनी 'रेस एन चेस' नावाच्या चोर-पोलिसांच्या गेमवर काम करत असताना पोलिसांच्या गाड्यांच्या वागण्यात एक बिघाड झाला. त्या खेळाडूला अडवण्याऐवजी जणू त्याच्यातून आरपार जाण्यासाठी बेभान धडका देऊ लागल्या, आणि खेळून पाहणाऱ्यांना नेमका हाच भाग सर्वांत रंगतदार वाटला. १९९७ चा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' त्यातून उभा राहिला. या साऱ्या परंपरेच्या मुळाशी पाठलाग आहे, हे विसरून तिच्या अंगांची तुलना करणे व्यर्थ आहे.

आता गाडीच्या वजनाचा वाद पाहू. २००८ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर'मध्ये पोलिसांची नजर पडली की कोपऱ्यातल्या नकाशावर एक वर्तुळ उमटते, आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता त्या वर्तुळाबाहेर जाणे हीच सुटका असते. समोर चौक असतो, हाताखाली एखादी बोजड सेडान असते. ब्रेक उशिरा दाबला तर गाडीचे नाक खाली जाते, मागचा भाग बाहेर फेकला जातो, कठड्याला घासून वेग निम्म्यावर येतो, आणि तेवढ्यात आडव्या रस्त्याने आलेल्या एका गस्तीच्या गाडीने पाहिले की वर्तुळाचे केंद्र पुन्हा खेळाडूवर येऊन बसते. आधीची सगळी मेहनत पुसली जाते. एका चुकलेल्या वळणाला इतका अर्थ क्वचितच कुठल्या गेमने दिला असेल.

त्यावरचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. या गाड्या होडीसारख्या डोलतात अशी तक्रार तेव्हापासून आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. खऱ्या गाडीत टायरची पकड सुटू लागली की पाठीला आणि हातांना ते आधी कळते. कंट्रोलरच्या लहानशा काठीतून ते कळत नाही. शरीराला न मिळालेल्या सूचनेबद्दल खेळाडूला शिक्षा करणे हा अन्यायच आहे. याच मालिकेच्या २०१३ च्या पाचव्या भागाने गाड्या हलक्या केल्या, त्या रस्त्याला घट्ट धरून राहू लागल्या, आणि त्या गेमने पहिल्या तीन दिवसांतच एक अब्ज डॉलरची विक्री केली. शिवाय पोलिसांच्या नजरेचे कोन नकाशावर दाखवून आडोशाला दबून राहण्याची एक चांगली सोय त्याने केली, हेही मान्य करायला हवे. तरीही विक्रीचा आकडा या वादाचा निकाल लावू शकत नाही. एवढ्या मोठ्या गेमला लोक शंभर कारणांनी घेतात. आणि वास्तव हवे म्हणणारे व मजा हवी म्हणणारे दोघेही इथे एकच चूक करतात. चौथ्या भागातल्या गाड्या वास्तव होत्या म्हणून तो पाठलाग चांगला होता असे नाही. खऱ्या गाड्या तशा डोलत नाहीत. तो चांगला होता कारण खेळाडूने केलेल्या चुकीचा परिणाम पाठलागावर होत होता. गाडी हलकी असूनही हे साधता येईल, आणि जड असूनही हे बिघडवता येईल. विचारायचा प्रश्न एवढाच आहे, की चुकीच्या वळणाने खेळाडूचे नशीब बदलते की नाही.

बंदुकीच्या बाबतीतही हेच घडते, फक्त तिथे बिघाड आकड्यांमुळे होतो. २०१६ च्या 'द डिव्हिजन'मध्ये साधा टोपीचा स्वेटर घातलेला लुटारू पूर्ण मॅगझिन अंगावर झेलूनही चालत येतो, कारण त्याच्या डोक्यावरच्या, उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीतला आकडा अजून संपलेला नसतो. एखाद्या राक्षसाबाबत हे खपते. शहराच्या फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाबाबत ते खपत नाही, कारण तिथे गोळी काय करते हे आपल्याला ठाऊक असते आणि गुन्हेगारी कथेतली सगळी भीती त्या ठाऊक असण्यावर उभी असते. गोळी स्वस्त झाली की ती झाडण्याचा निर्णय स्वस्त होतो, आणि निर्णय स्वस्त झाला की नंतरचा पाठलागही निव्वळ सोपस्कार उरतो.

याच्या उलट उदाहरण म्हणून २०१२ च्या 'स्लीपिंग डॉग्ज'कडे मी नेहमी वळतो. हाँगकाँगच्या टोळीत शिरलेला वेई शेन हा छुपा पोलिस तिथे बहुतेक वेळा हातांनीच लढतो. प्रतिस्पर्ध्याचा वार येताना नेमक्या क्षणी तो परतवायचा, त्याला धरून जवळच्या टेलिफोन बूथकडे किंवा माशांच्या टाकीकडे ओढत न्यायचे, ही त्या मारामारीची रीत. त्यातली खरी कल्पकता मात्र गुणांच्या मांडणीत आहे. टोळीचे गुण मारामारीतल्या क्रौर्यासाठी वाढत जातात. पोलिसी गुण मात्र मोहिमेच्या सुरुवातीला पूर्ण असतात आणि रस्त्यावर लोकांना इजा झाली, मालमत्ता मोडली की कमी होतात. म्हणजे मारामारीनंतर भरधाव निसटताना पादचारी चिरडला तर पात्राच्या अर्ध्या व्यक्तिमत्त्वाला त्याचे मोल मोजावे लागते. तो माणूस दोन निष्ठांमध्ये फाटला आहे हे संवादांनी सांगण्याची गरजच पडत नाही. ते गुणपत्रकातच दिसते. या गेममधली गाडी चालवणे सुटेपणाने पाहिले तर सामान्य आहे, आणि सुटे गुण देणाऱ्या परीक्षकांनी तसे म्हटलेही असेल. पण गाडी, हात आणि बढती यांना एकत्र बांधण्यात त्याने जे साधले ते त्याच्याहून किती तरी श्रीमंत गेमना साधलेले नाही.

प्रगतीच्या आकड्यांच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद असा आहे, की गुन्हेगारी कथा ही मुळात चढाईची कथा असते. फाटका माणूस शहरात येतो आणि एक दिवस शहर त्याच्या मुठीत असते. ही चढाई खेळाडूला जाणवायची कशी? १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळाने अनुभवाचे गुण आणि पातळ्या यांची जी पद्धत रूढ केली तिने हा प्रश्न सोडवला, आणि पन्नास वर्षे टिकलेल्या पद्धतीला काही तरी आधार असणारच. तो मी नाकारत नाही. पण कागद-पेन्सिलच्या त्या खेळात तलवार कशी चालवायची हे खेळणाऱ्याच्या हाताला शिकताच येत नव्हते. फासा आणि आकडा हे त्या हाताचे प्रतिनिधी होते. जिथे खेळाडूचा हात स्वतःच स्टीअरिंग फिरवतो, स्वतःच नेम धरतो, तिथे प्रतिनिधी कशाला? खेळाडू पंचवीस तासांत खरोखरच चांगला चालक झालेला असताना गेमने त्याला चालवण्याचा आकडा वाढल्याचे कळवणे म्हणजे त्याच्या कमाईचे श्रेय स्वतःकडे घेणे आहे.

चढाई दाखवण्याचे दुसरे मार्ग आहेत, आणि ते कोणी करून पाहिलेले नाहीत असे नाही. २००२ चा 'माफिया' १९३० च्या लॉस्ट हेवन या कल्पित शहरात सुरू होतो. टॉमी अँजेलो हा टॅक्सीचालक. दोन गुंड त्याच्या टॅक्सीत घुसतात आणि पाठलागावर असलेल्या गाड्यांना चुकवत त्याला जीव मुठीत धरून गाडी हाकावी लागते. त्याचा गुन्हेगारी जगातला प्रवेशच चालक म्हणून होतो. त्या काळच्या गाड्या मंद आहेत, चढणीला धापा टाकतात, आणि वेगमर्यादा ओलांडली किंवा लाल दिवा तोडला तर पोलिस दंड करतात. आता त्यातली प्रगती पाहा. टॉमीला प्रत्येक गाडीचे कुलूप उघडता येत नाही. टोळीचा मिस्त्री राल्फ त्याला एकेका मॉडेलचे कुलूप शिकवतो, आणि शिकवलेलीच गाडी चोरता येते. आरोग्याची पट्टी त्यामुळे लांबत नाही की गोळी जोरात लागत नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे पाहण्याची खेळाडूची दृष्टी बदलते. काल जी वाहतूक नुसती गर्दी होती तीत आज सुटकेचे चार पर्याय दिसतात. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतल्या २००४ च्या 'सॅन अँड्रियास'मध्ये विमान चालवण्याची शाळा होती. ती पार केल्याशिवाय कथा पुढे सरकत नसे, आणि अनेकांना तिचा संताप येई. त्या संतापाशी मी सहमत नाही. त्या शाळेतून बाहेर पडणारा खेळाडू खरोखरच विमान उडवू शकत असे, आणि त्या गेममधल्या स्नायूंच्या व चरबीच्या पट्ट्यांपेक्षा ही बढती मला कितीतरी अस्सल वाटते.

यावर एक आक्षेप असा येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो, की सगळ्यांचे हात सारखे चपळ नसतात. वय, दुखणे, अपंगत्व किंवा नुसती सवय नसणे यांमुळे ज्याला कठीण वळण साधत नाही त्याला आकड्यांची प्रगती आधार देते. कौशल्याची कास धरणारा गेम त्याला दाराबाहेर ठेवतो. ही चिंता खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. पातळ्या वाढवण्यासाठी तासन्‌तास तीच कामे करावी लागतात, आणि दुखऱ्या हाताला तर तेच सर्वांत जड जाते. शिवाय ती वाढ चपळ खेळाडूलाही मिळते, म्हणजे दोघांमधले अंतर जिथल्या तिथे राहते. आधार द्यायचा तर तो उघडपणे, पहिल्याच दिवशी आणि मागेल त्याला द्यावा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह'मध्ये मोहिमेचा एखादा भाग तीनदा फसला की तो वगळून पुढे जाता येते. 'माफिया'ची २०२० मधली नवी आवृत्ती गाडी सोपी चालावी की काळानुरूप अवघड, हे खेळाडूवर सोपवते. यांपैकी कशानेही गेमचा कणा मोडत नाही.

वेळेच्या अभावाचा मुद्दा यापेक्षा सोपा आहे. दिवसभर राबलेल्या माणसाने तोच हमरस्ता पन्नासदा का कापावा, असे विचारतात; कापू नये. 'एलिट'मध्ये फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून जहाज आत नेणे हे नवख्याची कसोटी पाहणारे काम होते, आणि पुरेसा पैसा जमला की ते आपोआप करणारा संगणक विकत घेता येई. आधी हाताला साधू दिले आणि मग सुटका विकली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर'मध्ये टॅक्सी थांबवून मागच्या सीटवर बसता येते, आणि जादा पैसे दिले की वाटेतला प्रवास वगळता येतो. ही सोय शहराच्या आतलीच आहे. नकाशावर बोट ठेवताच उडून जाण्याची सोय मात्र पाठलागालाही लागू झाली, तर गुन्ह्याचा दुसरा अर्धा भागच कापला जातो.

बढतीने रस्ता कसा संपतो याचे सर्वांत ठळक उदाहरण 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' या अनेकांनी एकत्र खेळण्याच्या गेममध्ये घडले. २०१८ मध्ये तिथे ऑप्रेसर मार्क टू ही उडणारी, लक्ष्याचा पाठलाग करणारी क्षेपणास्त्रे सोडणारी मोटारसायकल विक्रीला आली. त्या जगातला धंदा असा चाले, की माल जमवायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि इतर खेळाडूंच्या डोळ्यांदेखत तो शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायचा. या मोटारसायकलीपुढे चालकाचे कौशल्य, वाटेची निवड, सोबत्याची राखण हे सारे निरर्थक झाले. बढती मिळालेला खेळाडू आकाशातून येई आणि रस्त्यावरच्याचे दोन-तीन तासांचे काम एका क्षणात जाळून टाकी. अखेर २०२२ मध्ये बनवणाऱ्यांनी त्या क्षेपणास्त्रांची अचूकता कमी केली आणि विक्रीच्या मोहिमा अनोळखी खेळाडूंना वगळून चालणाऱ्या खासगी सत्रातही करता येतील अशी मोकळीक दिली. चार वर्षे खेळाडूंनी केलेल्या तक्रारी रास्त होत्या, याची ही कबुलीच म्हणायची. एकट्याने खेळण्याच्या गेममध्ये हेच घडते तेव्हा तक्रार करायला समोर दुसरे कोणी नसते, इतकाच फरक. २०१३ च्या 'सेंट्स रो फोर'मध्ये नायकाला इमारतींवरून झेपावण्याची आणि गाडीपेक्षा वेगाने धावण्याची शक्ती मिळते, आणि थोड्याच वेळात शहरभरच्या गाड्या, गॅरेज आणि त्यांची रंगरंगोटी यांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. तो गेम मौजेचा आहे, हे मला मान्य आहे. पण गुन्हेगारी गेम म्हणून तो तिथे संपतो.

ही गाठ नंतर पुन्हा बांधता येते, हे 'सायबरपंक २०७७'ने दाखवले. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा पोलिस खेळाडूच्या पाठीमागे हवेतून उगवत, गाडी घेऊन निघाले की पाठलाग जवळजवळ नसेच, आणि कौशल्यांच्या याद्या बारीकसारीक टक्केवारीने भरलेल्या होत्या. तक्रारी तेव्हाही खात्याखात्याने झाल्या. सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत या तिन्ही गोष्टी एकत्र बदलल्या: पोलिस गाड्या घेऊन खरा पाठलाग करू लागले, चालत्या गाडीतून गोळीबार करता येऊ लागला, आणि कौशल्यांची रचना मोडून तिच्या जागी खेळण्याची रीतच बदलणारी कौशल्ये आणली गेली. बनवणाऱ्यांना या गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून दुरुस्त करता आल्या असत्या, तर त्यांनी त्या तीन वर्षांत एकेक करून केल्या असत्याच. पाठलाग सुरू झाल्याशिवाय गाडीतून झाडलेल्या गोळीला काही काम नव्हते, आणि त्या गोळीशिवाय चालकासाठीच्या कौशल्यांना काही अर्थ नव्हता.

'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली गेली तेव्हापासून पाण्याच्या लाटा, केसांच्या बटा आणि गाड्यांवरचे प्रतिबिंब यांची मोजदाद चालू आहे. मला त्या गेमबद्दल दुसरेच जाणून घ्यायचे आहे. दुकान लुटताना कोणी चेहरा पाहिला असेल तर गाडी बदलून उपयोग होतो का? पाहिली असेल ती गाडीच, तर ती सोडून पायी गर्दीत मिसळता येते का? वीस तास खेळून झाल्यावर मिळालेला पैसा नव्या वाटा उघडतो, की नुसती जाड काच आणि मोठी बंदूक देऊन त्या पहिल्या पाठलागातली धास्ती काढून घेतो?